देण्याचा उपवास

१२ जानेवारी

प्रिय चिंगी,

पाकिटावर 'सिस्टर' लिहिलंय ते पोस्टमनसाठी. आत तू चिंगीच आहेस, तुला आवडो न आवडो.

तुझं पत्र आलं. आईला माती देऊन तू परत गेलीस, त्यानंतरचं हे पहिलंच. पाकीट हातात घेतल्यावर वाटलं, चला, राग गेला बाईचा. मग उघडलं. 'ताई, तब्येत कशी आहे' ही एक ओळ आणि खाली सगळं कपड्यांबद्दल. म्हणजे भांडण जिथं टाकून गेली होतीस तिथूनच पुढं उचललंस.

त्या दिवशी मी तुला किती हौसेनं चर्चच्या हॉलमध्ये नेलं होतं. आमच्या गुरुवारच्या बायकांनी दानाच्या कपड्यांचे सगळे गठ्ठे भिंतीशी रांगेत मांडले होते. प्रत्येकावर तुझ्या त्या दूरच्या गावाचं नाव, पाववालीनं स्वतः रंगवलेलं. तिला तू लहानपणापासून ओळखतेस. नवरा गेल्यावरही ती बेकरी एकटीनं चालवते, पहाटे भट्टी पेटवते आणि गुरुवारी दुपारी पिठाचे हात धुऊन हॉलमध्ये हजर होते. आणि तू त्या सगळ्यांसमोर म्हणालीस, "ताई, हे आता थांबवा." पाववाली तुझ्यासाठी आणलेला चहा घेऊन तशीच उभी राहिली. बाहेर नेऊन मी तुला जे बोलले ते बोलले. तुला देणाऱ्यांचे हातसुद्धा मळके दिसायला लागले, असं काहीतरी. तू गाडीत बसलीस आणि काच वर केलीस.

आता तू शांतपणे सगळं समजावून लिहिलं आहेस. मी ते दोनदा वाचलं. तुमच्याकडं पूर आला त्या वर्षी तूच कपडे मागितले होतेस. आम्ही पाठवले. पूर ओसरला, लोकांची घरं उभी राहिली, पण आमचे गठ्ठे येतच राहिले, आणि तुमचे तिथले फादर दर रविवारी प्रार्थनेनंतर ते फुकट वाटत राहिले. आता तुझ्या शिवणवर्गातल्या बायका बाजारात फ्रॉक मांडून बसतात आणि संध्याकाळी तेच फ्रॉक घडी घालून परत आणतात. फुकट मिळतंय तर विकत कोण घेईल? कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेल्या. त्यातल्या अर्ध्या वर्ग सोडून गेल्या. तू फादरना सांगून पाहिलंस, तर ते म्हणाले, आलेलं दान परत कसं करायचं.

आणि ती टाचणी. ओठांत टाचण्या धरून काम करते आणि स्वतःही तशीच बारीक, म्हणून तुम्ही सगळ्या तिला टाचणी म्हणता. मला तुमची ही मुलगी न बघताच आवडली. नव्या मुलींना तीच बेतायला शिकवते. शहरातल्या कपड्याच्या कारखान्याचा दलाल तिच्या दारात दोनदा येऊन गेला, ती गेली तर वर्ग बंदच करावा लागेल, असं तू लिहिलं आहेस.

चिंगी, मी बायकांना सांगेन. येत्या गुरुवारी नको, पाववालीचा गुडघा सुजलाय आणि तिच्याशिवाय हा विषय काढणं बरं नाही. पण सांगेन. तू काळजी करू नकोस.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

प्रिय चिंगी,

सांगितलं बाई एकदाचं. गेल्या गुरुवारी.

हॉल तसाच आहे. डांबरगोळ्यांचा वास, इस्त्रीची वाफ, खिडकीच्या फुटक्या काचेवर लावलेला तोच पुठ्ठा. मास्तरीणबाई बटणं तपासत होत्या, दातांच्या डॉक्टरांची बायको, आमची डॉक्टरीणबाई, नेहमीप्रमाणे एका हातानं काम आणि तोंडानं दहा हातांचं करत होती. मी म्हटलं, चिंगीचं पत्र आलंय. सगळ्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. तुझ्यावर कुणाचाही राग नाही, हे तुला कळायला हवं. पाववालीनं आधी एवढंच विचारलं, "जेवते ना नीट?"

मी तुझ्या शिवणवर्गाचं वाचून दाखवलं. पुरात नवरा गेलेल्या बायका, पायानं चालवायची मशीन, बाजार, टाचणी. मास्तरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. पाववाली म्हणाली, "आपल्या एवढ्याशा चिंगीनं एवढं करायचं आणि आपण इथं बसून बटणं लावायची!"

आणि मग त्यांनी ठरवलं, की या वेळी दुप्पट पाठवायचं. निम्मे गठ्ठे खास तुझ्या वर्गातल्या मुलींसाठी. त्यांनी अंगावर चांगलंचुंगलं घालावं, शिवता शिवता हुरूप यावा. डॉक्टरीणबाई तर स्वतःच्या मुलींची कपाटं रिकामी करून आली. इतक्या उत्साहात मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ट्रक आला आणि गठ्ठे बंदरावर गेलेसुद्धा.

माणसं वाईट नाहीत गं, चिंगी. हे लिहिताना मला कसंतरीच होतंय, पण माणसं वाईट नाहीत.

तुझी,
ताई


६ मार्च

चिंगी,

तुझं उत्तर मिळालं. 'ताई, तू त्यांना सगळं वाचून दाखवलंस की नाही?' बाकी कागद कोरा.

नाही दाखवलं. वर्गाचं, टाचणीचं वाचलं, आणि आपल्या गठ्ठ्यांचं पान उलटायच्या वेळी पाववालीच्या तोंडाकडं पाहिलं. पान उलटलं नाही.

तुला एक गोष्ट माहीत नाही. पाववालीची बेबी तापात गेली, ते तुला आठवत असेल, तू तेव्हा कॉन्व्हेंटमध्येच होतीस. तिचे कपडे पाववालीनं कधी कुणाला दिले नाहीत. पूर आला त्या वर्षी पहिल्यांदा तिनं एक झबलं गठ्ठ्याच्या तळाशी ठेवलं. तेव्हापासून प्रत्येक खेपेला एक. माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. गठ्ठा बांधून झाला की ती त्यावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहते, मी उगाच इकडंतिकडं बघते. त्या बाईला मी सांगायचं, की तुझ्या लेकीच्या कपड्यांनी तिकडं कुणाच्या तरी लेकीचं पोट मारलं?

पण काल सांगितलं. काल आमच्या फादरनाही मुद्दाम बोलावलं होतं. या वेळी मी उभी राहिले, आणि तुझं पत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं.

आधी डॉक्टरीणबाई. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं पाप केलं म्हणायचं?"

"तसं नाही लिहिलंय तिनं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मग कसं लिहिलंय? परत वाचा. मला तरी तसंच ऐकू आलं."

"तुमचा कान नेहमीच स्वतःच्या सोयीचा."

"आणि तुमची जीभ? ती कुणाच्या सोयीची?"

फादरनी दोन्ही हात वर केले. फादर तरुण आहेत, भांडण झालं की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. ते म्हणाले, "आपण दोन्ही करू या. कपडेही पाठवू आणि त्या वर्गासाठी दर रविवारी प्रार्थनाही करू."

तेव्हा कुठून बळ आलं माहीत नाही. मी म्हटलं, "फादर, उद्यापासून कुणीतरी आपल्या गल्लीत प्रत्येक दारात फुकट पाव ठेवायला लागलं, चांगला, ताजा, प्रेमानं भाजलेला, तर हिच्या बेकरीचं काय होईल? आणि आपण हिच्यासाठी प्रार्थना केली तर भट्टी चालेल का?"

मला लगेच वाटलं, तिचं उदाहरण द्यायला नको होतं. पाववाली खाली बघून बोटानं टेबलावरचा दोरा गोळा करत होती.

"बंद पडेल," ती म्हणाली. "महिनाभरात."

मग मला म्हणाली, "हे तुला आधीपासून माहीत होतं? मागच्या वेळी वाचलंस तेव्हा?"

"हो."

"आणि तरी मला दुप्पट भरू दिलंस."

ती उठली. गुडघा दुखत होता तरी कुणाचा हात घेतला नाही. दारापाशी थांबून फादरना म्हणाली, "बंद करा. मुलीचं बरोबर आहे." मुलगी म्हणजे तू. आणि गेली.

तिच्यामागून एकेक करून सगळ्या गेल्या. फादरनी बंदरावर फोन केला, पण दुप्पट गठ्ठ्यांचं जहाज आधीच निघून गेलं होतं. यापुढं काही जाणार नाही. जे निघालंय ते मात्र तुझ्याकडं पोचेल. मी तुझ्या त्या फादरना वेगळं पत्र घातलं आहे, की ते वाटू नका. ते ऐकतील का?

हॉलची किल्ली माझ्याकडंच आहे.

ताई


२७ मार्च

प्रिय चिंगी,

तुझं काही आलं नाही. मी तरी लिहिते. घरात बोलायला कोण आहे, आईची खुर्ची आहे, तिच्याशी बोलून झालं.

ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे. लहानपणापासून आपण काय काय सोडलं, साखर सोडली, गप्पा सोडल्या, तू तर एकदा हट्टानं उशीसुद्धा सोडलीस आणि मान अवघडून बसलीस. ते सगळं जमलं. पण या वर्षी माझ्याकडून जे काढून घेतलंय तसं कधी काही सोडलं नव्हतं. देणं सोडायचं! खरं सांगते, चिंगी, गुरुवारी दुपारी हाताला काम नसलं की हात भुकेले होतात. काल कपाटातलं जुनं चादरीचं कापड काढून त्याला विनाकारण दुमड घालत बसले होते. घातली आणि उसवली.

कॉन्व्हेंटच्या शाळेतलं जेवणघर आठवतं का? मदर सांगायच्या, ताटातला शेवटचा पावाचा तुकडा दूरदेशीच्या गरीब मुलांसाठी ठेवा. आम्ही सगळ्या डोळे मिटून ठेवायचो, किती पवित्र वाटायचं. आणि तू, पहिलीतली, मध्येच उठून विचारलंस, "मदर, हा तुकडा त्यांच्यापर्यंत नेतं कोण?" मी टेबलाखालून तुला चिमटा काढला. मदरनी तुला कोपऱ्यात उभं केलं. दुपारी मी पाहिलं, सगळे तुकडे बादलीत गोळा करून बाई मागच्या आवारात कोंबड्यांना घालत होत्या. मी तुला ते सांगितलं नाही. तुला मुळीच धीर निघाला नसता, तू परत विचारलं असतंस.

तीच पोर नन झाली आणि मी गठ्ठे बांधत राहिले, याचं मला फार हसू येतं कधीकधी.

उघड्याला पांघरूण घातलंस का, हे देव शेवटी आपल्याला विचारणार, एवढं आपल्याला पक्कं शिकवलं. तुझ्या अंगावरचं कापड कुणी शिवलं आणि त्या बाईच्या घरी चूल पेटली का, हेही तो विचारेल, हे कुणी शिकवलं नाही. किंवा शिकवलं असेल आणि त्या दिवशी मी डोळे मिटून बसले असेन.

चर्चमध्ये पाववाली आता माझ्या शेजारी बसत नाही. खांबापलीकडं बसते. प्रार्थनेत शांतीसाठी एकमेकींचे हात हातात घ्यायची वेळ आली की ती पर्समध्ये काहीतरी शोधते. पाव मी तिच्याकडूनच घेते. ती सुट्टे देते, पाव देते, 'अजून काही' असं विचारते, जसं कुणा परक्या गिऱ्हाइकाला विचारावं.

तुझ्या पत्राची वाट पाहते आहे.

तुझी,
ताई


२३ एप्रिल

प्रिय चिंगी,

तुझं पत्र सोमवारी आलं. तू चिडली असतीस तर बरं झालं असतं. तू फार सौम्य लिहिलं आहेस.

जहाज आलं. तुमच्या फादरनी माझं पत्र वाचलं आणि गठ्ठे वाटलेच, लोक दारात उभे होते, ते तरी काय करणार. आधीच्यापेक्षा दुप्पट, आणि सगळं चांगलं, आमच्या डॉक्टरीणबाईच्या मुलींचं. त्या रविवारनंतरच्या बाजारात तुमचा एकही फ्रॉक गेला नाही. टाचणी पुढच्याच आठवड्यात दलालाबरोबर शहरात गेली. पोराला आईकडं ठेवून. जाताना तिनं सगळ्या मशीनना तेल घातलं आणि चादरी पांघरल्या. वर्ग बंद झाला. आणि तू लिहितेस, 'ताई, तू शेवटी बोललीस, हे मला पुरे आहे.' मला पुरे नाही गं.

ती आता त्या मोठ्या कारखान्यात बाह्या जोडते. सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त बाह्या. जिला अख्खा फ्रॉक डोळ्यांनी बेतता यायचा. ते कपडे जहाजानं आमच्यासारख्यांच्या गावात विकायला येतात, असं तू लिहिलंस. कंपनीचं नावही लिहिलंस. चिंगी, त्या कंपनीचं दुकान आमच्या मोठ्या रस्त्यावर आहे. डॉक्टरीणबाईच्या मुली तिथूनच घेतात. एक ऋतू घालतात आणि मग आमच्या गठ्ठ्यांत टाकायच्या. म्हणजे गठ्ठे थांबले नसते, तर तिनं शिवलेलंच तिच्या दारात परत फुकट जाऊन पडलं असतं.

मी मंगळवारी गेले त्या दुकानात. गार हवा, मोठ्यानं गाणी. एका ब्लाउजची बाही उलटून बघत बसले. सरळ टीप, कुणाचीही असू शकेल. एक मुलगा आला, गळ्यात ओळखपत्र.

"मावशी, साइज कुठला हवा?"

"हे कुणी शिवलंय?"

"आमचाच ब्रँड आहे मावशी."

"ब्रँड नाही. माणूस. बाईमाणूस असेल बहुतेक. तिला काय मिळतं, किती तास बसवतात, तिचं मूल कुणाकडं असतं?"

तो खरंच गोंधळला बिचारा. म्हणाला, "ते लेबलवर नसतं. कॉटन आहे, घरी धुता येईल." मग मॅनेजर आले. अगदी गोड बोलले. वेबसाइटवर विचारा म्हणाले. मी म्हटलं, मला वेबसाइट येत नाही, मला तुम्हीच सांगा. ते म्हणाले, आम्हांलाही माहीत नसतं, मॅडम. ते खरं बोलत होते असं मला वाटतं. हेच भयंकर आहे.

घरी येताना बेकरीत शिरले. गिऱ्हाईक नव्हतं. मी पाववालीला तुझं पत्र दिलं आणि म्हटलं, सगळं वाच, या वेळी मी वाचून दाखवत नाही. तिनं हात पुसले, वाचलं. टाचणी गेली तिथं थांबली. मग परत वाचलं. मला वाटलं, आता मला बाहेर काढेल.

ती म्हणाली, "तू एकटीच गेलीस दुकानात?"

"हो."

"तुला कुठं बोलता येतं. पहिल्यांदा 'मॅडम' म्हटल्यावरच विरघळली असशील."

"विरघळले नाही."

"कधी जायचं परत?"

मी म्हटलं, जाऊन काय होणार, त्यांना खरंच काही माहीत नाही. ती म्हणाली, "मग रोज विचारलं की त्यांना कुणाला तरी विचारावं लागेल. मला बघ, एखाद्या गिऱ्हाइकानं रोज येऊन मैद्यात काय घालता विचारलं, तर मी एक दिवस गिरणीवाल्याच्या उरावर बसेन." जरा वेळानं तोंड फिरवून म्हणाली, "बेबीचं एक राहिलंय. निळं. ते मी आता कुठं पाठवणार नाही."

आज गुरुवार. दुपारी आम्ही दोघी गेलो. मॅनेजरनी लांबूनच पाहिलं, दारावरच्या माणसाला काही खूण केली आणि त्यानं नम्रपणे आम्हांला आत सोडलं नाही. मग आम्ही बाहेरच उभ्या राहिलो. पाववालीचा गुडघा, माझी कंबर, बघण्यासारखं दृश्य असेल. येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारत होतो, हे कुणी शिवलं माहीत आहे का. बहुतेक जण वळून दुसऱ्या बाजूनं जात होते. एका बाईनं आमच्या हातावर नाणं ठेवलं. पाववालीनं ते तिला परत दिलं आणि आपला प्रश्न पुन्हा विचारला. ती बाई घाईनं निघून गेली.

मास्तरीणबाई पुढच्या गुरुवारी येणार आहेत. डॉक्टरीणबाई येणार नाही, तिनं आम्हांला वेड लागलंय असं फादरना सांगितलं. फादर अजून काही म्हणाले नाहीत, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या मी पाहिल्या.

यानं टाचणी परत येणार नाही, हे मला कळतं. तुझ्या मशीनवरच्या चादरी यानं निघणार नाहीत. मी प्रार्थना करते तेव्हा आता शब्दच सापडत नाहीत. नुसती गुडघे टेकून असते.

तिचा पत्ता मला पाठव, चिंगी. कारखान्याचा नको, ती राहते त्या खोलीचा. घाबरू नकोस, मी तिला काही पाठवणार नाही. मला तिला फक्त विचारायचं आहे, की तिला काय हवंय. हे आपण तिला अजून एकदाही विचारलेलं नाही.

तुझी,
ताई